फोटोच्या कोपऱ्यातलं बोट

चोपडा,
महाशिवरात्र, सन १९८८

एवढा रोल भरून फोटो पाठवलेस आणि त्यात एकाही माणसाचं तोंड धड दिसत नाही. सगळी माणसं उडदाच्या दाण्याएवढी. नूर महंमदनं रोल धुतला, कागदावर उतरवला, दोरीला वाळत घातला. मी चष्मा लावून बघितलं, मग रिटचिंगचं भिंग लावून बघितलं, तरी पायऱ्यांवर बसलेली ती बाई आहे का बाप्या आहे ते कळेना. गिऱ्हाइकाच्या हातात असा फोटो ठेवला असता तर त्यानं तो आपल्या दुकानातच टाकून दिला असता. आणि पाकिटात चिठ्ठी नाही. मागच्या खेपेलाही नव्हती. तुझे हात बटण दाबायला चालतात, लिहायला चालत नाहीत का?

चि. सुपडूस आजीचा आशीर्वाद. नाव वाचून नाक मुरडू नको. दुकानाच्या शिक्क्यावर तू एस. जे. पाटील झालास, पण तुझ्या आधीचे दोन गेले म्हणून तुला जन्मल्याबरोबर सुपात घालून घरभर फिरवलं होतं. ते नाव लावून घेतलंस म्हणून जगलास. पत्रात मी तेच लिहिणार.

मी दुसरीपर्यंत शिकले, तीही अर्धी. घरी बोलतो तसं लिहायला गेले की अक्षरं अडतात, म्हणून मास्तरनं शिकवलं होतं तसं लिहिते. पत्र तू सांगितल्याप्रमाणे हरिद्वारच्या मोठ्या पोस्टाच्या पत्त्यावर टाकते. तू येऊन नेशील म्हणालास. पोस्ट म्हणजे तुझ्या मामाचं घर आहे, तुझं ताट झाकून ठेवायला.

दुकान उघडं असतं. नूर महंमद सकाळी शटर वर करतो, मी दुपारी जाऊन बसते. लग्नसराईचे लोक येतात, विचारतात, झुलालभाऊंचा पोरगा कुठे आहे. मी सांगते, फिरायला गेला. ते म्हणतात, लग्नाच्या दिवसांत? मग दुसऱ्या स्टुडिओत जातात. तुझ्या बापानं तीस वर्षं ज्यांच्या घरची बारशी आणि हळदी काढल्या, तेसुद्धा जातात.

मोठा कॅमेरा कपाटात त्याच्या पेटीत आहे. दोन्ही लेन्सा कापडात गुंडाळलेल्या आहेत. मी पेटी उघडत नाही, फक्त वरची धूळ पुसते.

तू निघायच्या आदल्या दिवशीचं मला सगळं आठवतं. दोन्ही कॅमेरे तू काउंटरवर शेजारी शेजारी मांडलेस. एक बापाचा, हातात घेतला की मनगट भरून येतं असा. आणि एक ते जळगावहून आणलेलं चपटं डबडं, साबणाच्या वडीएवढं, ज्याची लेन्स ना निघते ना पुढेमागे सरकते. मी म्हटलं, मोठा ने. त्याला लांबची लेन्स लावली की डोंगरावरची शेळी दारात येते. तू म्हणालास, "आजी, तो गळ्यात घातला की लोक केस विंचरायला लागतात."

मी म्हटलं, मग विंचरू दे. दुकानात आरशापाशी कंगवा घेऊन जन्मभर मीच उभी राहिले. बायांच्या तोंडाला पावडर मी लावली, बाप्यांच्या माना मी सरळ केल्या. त्यात वाईट काय झालं?

तू म्हणालास, हा खिशात मावतो, पावसात झाकता येतो, कुणाला दिसत नाही. आणि म्हणालास, "यात जवळचं पाहिजे असलं तर आपल्यालाच जवळ जावं लागतं." मोठा शहाणा. मग गेलास का कुणाजवळ? फोटो तर सगळे लांबूनच काढलेले दिसतात.

एका फोटोत खाली वाळूवर तुझी सावली पडली आहे. तुझीच आहे, डावा खांदा खाली असतो तुझा. मी ती भिंगाखाली बराच वेळ बघितली. पण सावलीवरून माणूस वाळला का भरला ते कळत नाही.

पुढच्या रोलमध्ये स्वतःचा एक फोटो घाल. आरशासमोर उभा राहा, काहीही कर.

आजी


चोपडा,
आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दुसरा दिवस

पत्र परत आलं. मागे लाल शाईनं काहीतरी लिहिलं होतं. नूर महंमदनं वाचून सांगितलं, "अक्का, लेने कोई आया नहीं." पोस्टमननं ते माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं. त्यालाही लाज वाटली असावी. तुला वाटत नाही.

सुपडूस आशीर्वाद.

काल तुझ्या बापाच्या नावाची घागर भरली. गेलेल्या माणसाची पहिली आखाजी, घागर मुलानं भरायची. तुझ्या जागी लोटन आबा पाटावर बसला. बसला म्हणजे उपकार केल्यासारखा बसला. तुझा चुलत चुलता म्हणून त्याचा मान आहे, भाऊबंदांची कानबाई देवीही त्याच्याच घरी बसते, पण तोंड असं केलं होतं की जणू घागरीतलं पाणी त्यालाच पाजणार होते. खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, पुरणपोळी ठेवली. तुझी आई कुंदा चुलीपाशी होती. मी म्हटलं, ये, नमस्कार कर. ती आली, नमस्कार केला, घागरीकडे न बघता दाराकडे बघत राहिली. कुणी येतंय का म्हणून.

बाकी गाव झोक्यांवर बसलं आहे. माहेरवाशिणी गाणी म्हणताहेत. आपल्या दारापुढून जाताना आवाज कमी करतात, त्याचाच मला राग येतो.

तू मोठा कॅमेरा का नेला नाहीस ते मला ठाऊक आहे. कंगवा आणि पाऊस आणि खिसा हे तू मला नुसतं सांगायचं म्हणून सांगितलंस. मीही ऐकून घेतलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा बाप गेला. त्याला भिंतीला टेकवून बसवलं, टोपी घातली, सगळे भाऊबंद मागे उभे राहिले. शेवटचा फोटो. गावातल्या प्रत्येकाचा तो तुझ्या बापानं काढला होता. लोटन आबा म्हणाला, दुसऱ्या गावाहून फोटोग्राफर बोलवू. मी म्हटलं, कशाला, घरात आहे. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, काढ. आणि आजही तेच म्हणेन. झुलालचा शेवटचा फोटो परक्या माणसानं, मान वाकडी ठेवून, घाईघाईत काढलेला मला चालला नसता.

तू काढलास. फोटो चांगला आला आहे. पण तू फार वेळ लावलास. लोक कुजबुजायला लागले. त्या रात्री जेवताना मी विचारलं, एवढा वेळ कशाला लावलास. तू म्हणालास, "त्या काचेत मधोमध माणूस दुभंगलेला दिसतो आजी. चाक फिरवून दोन तुकडे जुळवावे लागतात. मी बाबांचं तोंड जुळवत होतो, ते जुळत नव्हतं."

त्यानंतर तू त्या कॅमेऱ्यानं एकही फोटो काढला नाहीस. दिवाळी झाली, केळीच्या ट्रकमध्ये बसून दिल्लीला गेलास. त्या चपट्या डबड्यात काही जुळवावं लागत नाही, नूर महंमदनं मला सांगितलं. वरच्या खिडकीतून बघायचं आणि दाबायचं. लेन्स काय बघते ते डोळ्याला दिसतच नाही.

तर हे मला माहीत आहे. पण माहीत असलं म्हणून तू आईला टाकून बसावंस असं होत नाही. ती काही कॅमेरा नाही. तिला एक ओळ लिही. मला लिहू नकोस, माझ्यावर राग ठेव, तो मला पेलतो.

आजी


चोपडा,
आषाढ लागला त्या दिवशी

हे अक्षर कुणाचं आहे?

पाकीट आलं. पत्ता हिंदीत, मोठमोठ्या अक्षरात, शाळेतल्या पोरानं लिहावा तसा. पाठवणाऱ्याचं नाव नाही. शिक्का पुसट. नूर महंमदनं उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, चमोली असावं. ते कुठे आहे म्हटलं, तर म्हणाला, "ऊपर, पहाड में." आत फक्त रोल. कॅमेरा नाही, चिठ्ठी नाही.

रोल अर्धाच भरलेला होता. मी नूर महंमदला विचारलं, अर्धा रोल कुणी काढतं का. तो पाणी बदलत होता. दोनदा विचारल्यावर म्हणाला, "घाई असली तर काढतात अक्का." मी म्हटलं, आणि घाई नसली तर? तो म्हणाला, "कॅमेरा दुसऱ्याच्या हातात गेला तर." मग म्हणाला, हात ओला आहे, नंतर बोलू.

सुपडू, आशीर्वाद लिहायचा राहिला. आशीर्वाद.

रोलमध्ये एक नदी आहे, पांढरी धोट. तिच्यावर दोरांचा पूल. पुलापलीकडे चहाचं दुकान. एक म्हातारा मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे. त्याचं तोंड दिसतं, सुरकुती न सुरकुती दिसते. म्हणजे शेवटी तू जवळ जायला शिकलास.

आणि सगळ्यात शेवटचा फोटो तुझा.

मी दोरीवरचा ओला कागद ओढून घेतला. नूर महंमद ओरडला, बोटं उमटतील. उमटू देत म्हटलं. दाढी वाढली आहे. गालाची हाडं वर आली आहेत. डोक्याला लोकरीची टोपी, कुणाची तरी, तुझी नाही. तू हसत नाहीस, पण हसून झाल्यावर तोंड असतं तसं आहे. बघतो आहेस तो कॅमेऱ्याकडे नाही, जरा वर, कॅमेरा ज्यानं धरला त्याच्याकडे.

वरून डोकं कागदाच्या काठानं कापलं आहे, टोपी अर्धीच आली आहे. फोटो जरा हलला आहे. आणि खालच्या कोपऱ्यात काळसर गोळा आला आहे. नूर महंमद म्हणाला, बोट. धरणाऱ्याचं बोट लेन्सवर आलं. मोठ्या कॅमेऱ्यात असं होत नाही, लेन्समधूनच बघायचं असतं म्हणून बोट लगेच दिसतं. या डबड्यात दिसत नाही.

म्हणजे फोटो काढणारा आपल्या धंद्यातला नाही. आणि ती लेन्स जवळ ओढणारी नाही, हे तूच मला ऐकवलं होतंस. किती अंतरावरून कागदात किती तोंड भरतं ते मला नूर महंमदनं सांगायला नको. दोन हात. त्यापेक्षा लांब नाही. तुझ्यापासून दोन हातांवर कुणीतरी उभं होतं.

कोण होतं? लिही.

आजी


चोपडा,
आषाढातली अमावास्या झाली

तुझं सुतक काढून लोक घरी गेले. तू हे वाचत असलास तर हसशील. हस.

आशीर्वाद देत नाही, आधी ऐक.

माझे डोळे आता चष्म्यालाही दाद देत नाहीत. तुझा तो फोटो हातभर लांब धरला तर दाढी दिसते, डोळे दिसत नाहीत. म्हणून मी नूर महंमदला म्हटलं, हा मला मोठा करून दे, भिंतीएवढा. तो बघत राहिला. मी म्हटलं, ऐकू आलं ना. तो "जी अक्का" म्हणाला.

चूक कुणाची म्हणावी? त्यानं तीस वर्षं जे केलं तेच केलं. एकट्या माणसाचं तोंड मोठं करायला आलं की त्याचे हात आपोआप चालतात. मागचं सगळं पुसून पांढरं करायचं, डोकं वरून कापलं असलं तर ब्रशनं केस काढून पुरं करायचं, डाग असला तर घालवायचा, खाली धुक्यासारखं विरवून टाकायचं. तुझ्या मागे चहाचं दुकान होतं, पाटी होती, ते पुसलं. कोपऱ्यातलं बोट पुसलं. डोक्यावरची टोपी पुसून भांग पाडला. आणि वाळायला काचेच्या कपाटात, रस्त्याकडे तोंड करून, नेहमीच्या जागेवर ठेवला.

त्या जागेवर तसा फोटो असला की गावाला काय कळतं ते तुला माहीत आहे.

शेजारची मंजुळाबाई बाजारातून येत होती. तिनं काचेला नाक लावून बघितलं. खाजा टेलरच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "हाऊ तं आपला सुपडू शे. कसं जायं वं माय?" कसं झालं, म्हणून खाजानंही मशीन थांबवलं. तेवढं पुरलं.

मी घरी डाळ निवडत होते. दारात आवाज आला म्हणून मान वर केली, तर बाया पदर तोंडाला लावून ओळीनं येताहेत. पुढे मंजुळाबाई. तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि सूर लावला. मी म्हटलं, "काय झालं? कोण गेलं?" ती आणखी मोठ्यानं रडली. तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

मागून लोटन आबा, डोक्याला पंचा गुंडाळून. तो ओट्यावर टेकला. म्हणाला, "काकू, कळवायचं तरी."

मी म्हटलं, "काय कळवू? पोरगा जिता आहे."

"सरकारी कागद आला का तसा?"

"नाही."

"मग पत्र?"

"नाही."

"मग फोटो कशाला मोठा केला?"

"बघायला."

"बघायला कुणी फोटो मोठा करतं का काकू?"

या गावात माणूस गेल्याशिवाय कुणी करत नाही. झुलालच्या दुकानातून बघायला म्हणून मोठा केलेला एकही फोटो आजवर गेला नाही.

मी सगळ्यांना उठवलं. म्हटलं, रडायचं तर आपापल्या घरी रडा. मंजुळाबाई म्हणाली, रडू दे माय, मोकळं होतं. मी म्हटलं, तुझी म्हैस मेली तेव्हा तू याच्यापेक्षा चांगली रडली होतीस. ती गेली. बाकीच्याही गेल्या. पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालं होतं. कुंदा नदीवरून धुणं घेऊन आली ती त्याच वेळी. गल्लीच्या तोंडाशी तिला ओट्यावरचा पंचा दिसला आणि बायांचा सूर ऐकू आला. बादली तिच्या हातातून पडली. मी ओरडून सांगितलं, काही नाही झालं, चूक झाली, फोटो मोठा केला म्हणून आले. तिनं ऐकलं. मान हलवली. पडलेले कपडे गोळा केले, परत नदीवर जाऊन धुऊन आणले, वाळत घातले.

त्या दिवसापासून ती बोलत नाही. भाकऱ्या करते, पाणी भरते. तुझी वाटी ती रोज ताटांबरोबर मांडायची, ती मांडायची बंद झाली. मी तिला हजारदा सांगितलं. आता सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटायला लागला आहे. लोटन आबानं ट्रकवाल्यांकडून दिल्लीत विचारलं. नूर महंमदनं हरिद्वारच्या पोस्टाला हिंदीत पत्र घातलं. काही नाही.

मोठा फोटो मी कपाटातून काढून आणला. तो तुझा नाही. तो गेलेल्या माणसाचा आहे. मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.

आजी


चोपडा,
श्रावणातली पुनव

कानबाईच्या प्रसादाचं तुझ्या वाटणीचं जाडं रोट आम्ही खाल्लं. उरवता येत नाही, बाहेरच्याला देता येत नाही, आणि आज पुनव, आज संपवायचंच असतं. तू आला नाहीस म्हणून आम्हाला खावं लागलं, हे आधी लिहून ठेवते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. त्याच्या आधी लोटन आबाच्या ओट्यावर गहू घ्यायला सगळे भाऊबंद जमले. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं मूठ मूठ गहू सुपात टाकायचा. कालचं तान्हं असलं तरी त्याची मूठ. मुंबई-सुरतेला असला तरी त्याची मूठ. गेलेल्याची तेवढी नसते. मागच्या वर्षी झुलालची होती.

लोटन आबा नावं घेत होता. मला वाटलं, तो विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबेल असं. त्यानं विचारलंच नाही. माझ्या घराचं नाव आलं, तो जरा थांबला, घसा खाकरला आणि पुढच्या घराचं नाव घेतलं. रागानं नाही. मला त्रास नको म्हणून. सगळे खाली बघत होते.

आणि सुपडू, मी गप्प बसले. तुझी आजी गप्प बसली. मी ज्या पोराला सुपात घालून फिरवलं होतं, त्याचं नाव त्या सुपापुढे मला घेता येईना. घेतलं आणि तू नसलास तर? गेलेल्याची मूठ जित्यांच्या गव्हात गेली तर बाकीच्यांचं काय? असं माझ्या डोक्यात आलं. म्हणजे मीही त्यांच्यासारखीच मनात तुला पोचवून बसले होते.

कुंदा मागे भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. बायकांतून वाट काढत आली, पोत्यात हात घातला आणि मूठ भरून सुपात टाकली. नाव घेतलं नाही. कुणाकडे बघितलं नाही. लोटन आबाच्या बायकोनं सूप मागे घ्यायला हात लावला, तेव्हा कुंदानं दुसरा हात सुपावर ठेवला. ठेवला तो उचललाच नाही. शेवटी लोटन आबा म्हणाला, "राहू द्या." गहू दळला गेला.

त्या पिठाची रोटं झाली, कानबाई नदीवर पोचवली. तुझ्या वाटचं रोट घरी आलं. शिंक्यात ठेवलं. रोज एकेक घर आपापलं संपवत होतं. आमच्या शिंक्याकडे बघून मंजुळाबाईनं विचारलं, ते काय करणार. मी म्हटलं, खाणारा येतोय. आज सकाळपर्यंत मी तेच म्हणत होते.

दुपारी कुंदानं ते खाली काढलं, दोन तुकडे केले, एक माझ्यापुढे ठेवला. आणि महिन्याभरानं पहिल्यांदा बोलली. "पोटात होता तेव्हाही त्याच्या वाटचं मीच खाल्लं होतं." एवढंच. मग खाल्लं. सुकून कडक झालं होतं. माझ्या दातांनी तुटेना, तिनं पाण्यात भिजवून दिलं. आम्ही दोघींनी एक कणही ठेवला नाही.

संध्याकाळी मी दुकानात गेले. नूर महंमदला म्हटलं, तो शेवटचा फोटो जसा आहे तसा परत काढून दे. वरून कापलेली टोपी तशीच, हललेला तसाच, बोट कोपऱ्यात तसंच. एक डाग जरी पुसलास तर तुझा ब्रश चुलीत घालीन. त्यानं दिला. मग दोघांनी भिंग लावून मागची पाटी वाचली. अर्धी तुझ्या टोपीमागे गेली आहे. उरलेल्यात "नेगी" आणि "चाय" एवढं लागतं, आणि बाजूला पुलाचा दोर दिसतो.

तर तुझ्या डबड्याबद्दल एक गोष्ट मान्य करते, पुन्हा करणार नाही. बापाच्या कॅमेऱ्यानं, त्या लांबच्या लेन्सनं, नुसतं तुझं तोंड आलं असतं, गुळगुळीत, मागे धूर. पूल आला नसता, पाटी आली नसती. आणि तो कॅमेरा तू कुणाच्या हातात दिलाही नसतास, दिला असता तर त्याला ते चाक फिरवता आलं नसतं. या चपट्यात कुणीही दाबू शकतं. म्हणून तू एकदा तरी फोटोत आलास.

पत्ता तसाच घातला आहे. पुलाजवळचा नेगी चहावाला, चमोली. तिथे तुझं नाव कुणाला माहीत असेल नसेल, म्हणून पाकिटावर नावाच्या जागी तो फोटो चिकटवला आहे. पोस्टमास्तर कुरकुरला. मी म्हटलं, शिक्का मारायचं काम कर, तोंडावर मारू नको.

आता हे तुझ्यासाठी नाही. हे तिथे जो कुणी वाचेल, किंवा ज्याला वाचून दाखवतील, त्याच्यासाठी. नूर महंमद हेच मागे हिंदीत उतरवेल. हा माझा नातू आहे. याच्यापासून दोन हातांवर उभं राहून तुम्ही बटण दाबलंत. बाई असाल, बाप्या असाल, मला काही विचारायचं नाही. कॅमेरा तुमच्याकडे असला तर तुम्हीच ठेवा. हा तुमच्याकडे बघताना जसा दिसतो तसा बाप गेल्यापासून घरी आमच्याकडे बघताना एकदाही दिसला नव्हता, म्हणून तुम्ही परके नाहीत असं धरते. तो आहे का नाही, एवढं सांगा. नसला तर तसं लिहा. पुढच्या श्रावणात गहू घेताना त्याच्या आईचा हात सुपावर ठेवू द्यायचा का धरून मागे घ्यायचा, ते मला ठरवायचं आहे, आणि अंदाजानं मी ते करणार नाही.

सुपडू, तू असलास तरी तू उत्तर द्यायचं नाही. तू चिठ्ठीशिवाय रोल पाठवशील आणि आम्ही परत सावल्या मोजत बसू. उत्तर त्यानंच द्यायचं, ज्याचं बोट फोटोत आलं आहे. हिंदीत दिलं तरी चालेल, नूर महंमद वाचेल. लिहिता येत नसलं तर कागदाला शाई लावून तेच बोट उमटवून पाठवा, आहे म्हणायचं असलं तर एकदा, नाही म्हणायचं असलं तर दोनदा.

यशोदाबाई, झुलालची आई, चोपडा